ट्रक भरायच्या आधी : ऊसतोडीच्या गावात लेकरांची आबाळ होऊ नये म्हणून काय काय करायचं

दिवाळी झाली की चार-पाच दिवसांत आमच्या वाडीवर ट्रक लागतात. पत्रे, घागरी, तवा, पिठाचा डबा, दोन कोंबड्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली, दूरच्या कारखान्यांकडं ऊस तोडायला निघालेली माणसं. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. गावाचं नाव लिहीत नाही कारण पुढं लेकरांबद्दल लिहायचंय. ट्रक गेल्यावर दुसऱ्या दिवशी पटावर ४३ आणि वर्गात १६ असं दृश्य असतं, मग सहा महिने तसंच.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका चौथीतल्या मुलीच्या नोंदीत "पालक निष्काळजी" असं लिहिलं होतं. पोरगी आठवड्यातून दोनदा यायची, केसात जटा, पायाला जखम चिघळलेली. तिची आज्जी कशाला तरी शाळेत आली, तिनं विचारलं गुरुजी काय लिहिलं ओ पोरीचं, मी वाचून दाखवलं, तर म्हणते, "निष्काळजी म्हंजी काय?" मी काय सांगणार. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात तीन नातवंडं, आणि चौथीतली ती पोरगी तिघांचा स्वयंपाक करून, धाकट्याला आंघोळ घालून मग शाळेत येत होती. यात निष्काळजी कोण होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण ती पोरगी नव्हती, म्हातारी नव्हती, आणि पाडेगाव की फलटण कुठंतरी फडात (उसाच्या शेतात) वाकलेली तिची आई तर नव्हतीच.

तेव्हापासून शाळेसोबत हे दुसरं काम सुरू झालं. बरंच चुकलं, थोडं जमलं. जे जमलं ते क्रमानं लिहितोय, म्हणजे कुणाला आपल्या गावात सुरू करायचं असेल तर पहिल्यापासून चाचपडायला नको.

आधी आबाळ कशाची आहे ते बघा

कुठलंही लेकरू उपाशी, आजारी, शाळाबाह्य दिसलं की एक प्रश्न स्वतःला विचारायचा : या घराला पैसा, वेळ किंवा एक माणूस मिळालं तर ही आबाळ थांबेल का? थांबणार असेल तर तो गुन्हा नाही, ती अडचण आहे, आणि अडचणीवर पालकांना डोस पाजून काही होत नाही. आपल्याकडं पालक मेळावे घेऊन "मुलांकडे लक्ष द्या" सांगायची फार हौस आहे. बाई पहाटे चारला फडात जाते आणि अंधार पडल्यावर येते, ती लक्ष देणार कधी?

आणि कायदाही हेच म्हणतो, हे लोकांना माहीत नसतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाकडं जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की आई-बापांनी आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळं मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरायचं नाही. कलम ३ मध्ये मूल संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय सांगितलाय. म्हणजे "यांची पोरं उचलून बालगृहात टाका" म्हणणारा जो एक जण प्रत्येक गावात असतो, त्याला हे कलम वाचून दाखवा.

पण उलटंही आहे. मारहाण, लैंगिक अत्याचार, दारू पिऊन लेकराला कोंडून ठेवणं, विकणं, कामाला जुंपणं, हे पैसा किंवा वेळ मिळून थांबत नाही. तिथं समिती, बैठक, समजूत काही करत बसू नका, सरळ १०९८ ला, म्हणजे लेकरांच्या मदतवाहिनीला फोन. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पोक्सो कायद्याच्या (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणं कळवणं बंधनकारक आहे, गावात मिटवामिटवी करणारा स्वतः अडकतो. हा फरक पहिल्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात बसला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं गोड गोड होतं आणि एखादं लेकरू त्याखाली चिरडतं.

पितृपंधरवड्यात यादी

यादी ट्रक गेल्यावर करून उपयोग नाही, आणि जूनमध्येही नाही कारण तेव्हा कोण कुठं जाणार ते ठरलेलं नसतं. मुकादमाची उचल (टोळीच्या ठेकेदारानं कामाआधी दिलेले आगाऊ पैसे) साधारण पावसाळ्यात सुरू होते आणि दसऱ्यापर्यंत वाटून होते. त्यामुळं आम्ही पितरांचा पंधरवडा धरतो. माणसं घरी असतात, उचल बहुतेकांनी घेतलेली असते, आणि हातात महिना-सव्वा महिना उरतो.

कुणी जायचं? एकट्या मास्तरनं नाही. मी पहिल्या वर्षी रजिस्टर घेऊन गेलो तर अर्ध्या लोकांना वाटलं जनगणना आणि अर्ध्यांना वाटलं रेशनकार्डातून नाव काढणार. अंगणवाडी ताई, आशा ताई आणि बचत गटातली एखादी स्वतः ऊस तोडून आलेली बाई, या तिघी गेल्या की घर बोलतं. मास्तरनं मागं राहून लिहायचं.

काय विचारायचं तर घरात १८ खालची लेकरं किती, वयं किती. कोण सोबत जाणार, कोण मागं राहणार, कोण अजून ठरलं नाही (हा तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुम्ही काही केलं तर हीच लेकरं थांबतात). मुकादम कोण, कारखाना कुठला, गाडी कसली, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरची टोळी, टायरगाडी का बैलगाडी. टायरगाडीवाली कुटुंबं कारखान्याच्या जवळ तळावर राहतात आणि ट्रक-टोळीवाली फडाफडाला फिरत राहतात, त्यावर पुढची सगळी मदत ठरते. आणि शेवटचा प्रश्न, मागं राहणारं लेकरू कुणाच्या हवाली?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "आज्जीकडं" असं आलं की लोक टिक करून पुढं जातात. तिथं थांबायचं. आज्जीला दिसतं का, चूल पेटवता येते का, पाणी किती लांबून आणावं लागतं, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री पोराला ताप आला तर ती कुणाला हाक मारणार. आमच्या एका यादीत नऊ आज्ज्या होत्या, त्यातल्या चौघींना स्वतःलाच कुणीतरी बघायला पाहिजे होतं.

गावातल्या दोन-तीन मुकादमांना वैरी समजू नका, टोळीची यादी आणि मुक्कामाचा पत्ता त्यांच्याकडंच असतो. चहाला बोलवा. सगळे सांगत नाहीत, एखादा सांगतो, तो धरून ठेवायचा.

समिती कागदावरून खाली उतरवायची

महाराष्ट्रात २०१४ पासून प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला पाहिजे. बहुतेक गावात ती आहेच, फाईलीत. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, शाळा, आशा, पोलीस पाटील, बचत गट अशी माणसं. नवीन काही मंडळ काढत बसू नका, हीच फाईल शोधा. गेलेली, बदली झालेली माणसं काढून नवीन नावं घालायचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या, तेव्हा झेंड्यामुळं माणसं आपोआप जमलेली असतात.

ठरावात एक ओळ पैशाची टाका. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. दरवर्षी यातून शिलाई मशीन नाहीतर खुर्च्या येतात. आमच्याकडं दोन वर्ष भांडून त्यातून एक स्वयंपाकाचा मोठा संच, सोलरचे दिवे आणि एका बाईचं तीन महिन्यांचं मानधन काढलं, रक्कम सांगायला लाज वाटेल इतकी छोटी होती पण त्यानं फरक पडला.

बैठका किती? वर्षाला बारा मासिक बैठका कुणी घेत नाही, खोटं प्रोसिडिंग लिहिलं जातं. चार पुरतात : ऑगस्ट, सप्टेंबर अखेर, जानेवारी, एप्रिल. पण चारही खऱ्या.

जेवण ट्रकच्या आधी

मागं राहणाऱ्या शाळेच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह हा प्रकार आहे. नाव वसतिगृह पण बिल्डिंग वगैरे नसते, लेकरू रात्री आज्जीकडंच झोपतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, दुपारचा पोषण आहार आहेच, आणि संध्याकाळी थोडा अभ्यास. शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायचं, पैसा समग्र शिक्षाकडून. कल्पना म्हणून मला हे अजूनही सगळ्यात भारी वाटतं, कारण लेकराचं घर सुटत नाही.

घोळ तारखेचा आहे. प्रस्ताव गट शिक्षण कार्यालयात जातो, तिथून जिल्ह्याला, मंजुरी येते तोवर ट्रक गेलेले असतात. आता तुम्ही त्या आईच्या जागी बसून बघा. मास्तर म्हणतोय जेवण सुरू होणार आहे, होणार आहे. होणार आहे वर कुठली आई लेकरू सोडून जाईल? ती घेऊन जाते. मग मंजुरी येते आणि पट कमी भरतो आणि वरचे म्हणतात गरजच नव्हती. हे मी डोळ्यानं पाहिलंय, एकदा नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, प्रस्ताव सप्टेंबरच्या यादीसोबतच द्या, नावांसकट, पालकांच्या सह्या नाहीतर अंगठ्यांसकट, आणि पोच घ्या, पोचेवर तारखेचा शिक्का. ही पोच पुढं लागणार आहे. दोन, मंजुरीची वाट न बघता ट्रक लागायच्या आधीच्या सोमवारी चूल पेटवा. पंधरा-वीस दिवस गावानं चालवायचं. आम्ही दसऱ्याला घरटी पायलीभर ज्वारी-बाजरी मागितली, किराणा दुकानदारानं तेल-डाळ उधारीवर दिलं, बचत गटाच्या दोन बायकांनी भाकरी केल्या. त्या वर्षी "ठरलं नाही" गटातल्या १३ पैकी ९ लेकरं थांबली. आयांनी स्वतः येऊन पातेल्यात डोकावून बघितलं होतं.

मोठ्या पोरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झालेली. तालुक्याला चालू आहे का, जागा किती शिल्लक, हे समाजकल्याणच्या ऑफिसात जूनमध्येच विचारून ठेवा, नोव्हेंबरात गेलात तर नुसती मान हलते.

आज्जीला मजबूत करा

लेकराला मदत म्हणजे बऱ्याचदा त्याला सांभाळणाऱ्या माणसाला मदत. मोतीबिंदूचं ऑपरेशन शासकीय दवाखान्यात फुकट होतं, ते ऑगस्ट-सप्टेंबरात करून घ्या. एवढं एकच काम आम्ही एका वर्षी तीन आज्ज्यांचं केलं आणि त्या हिवाळ्यात चूल पुन्हा त्यांच्या हातात आली, पोरी शाळेत आल्या. कुठल्याही बालकांच्या योजनेत डोळ्याचं ऑपरेशन लिहिलेलं नाही हे लक्षात घ्या.

मग पैसा. वय ६५ च्या पुढं आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर श्रावणबाळ योजना, विधवा-निराधार असेल तर संजय गांधी निराधार योजना, अर्ज तहसीलला. महिन्याला दीड हजार फार नाहीत पण दूध-भाजीला होतात.

लेकरांच्या नावानं दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर भयंकर कचरा फिरतो, म्हणून नीट वाचा. पहिली राज्याची बाल संगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, महिन्याला २,२५० रुपये. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, महिन्याला ४,००० रुपये, तिला ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं आणि शहरात ९६,००० च्या आत. या दोन्ही सरसकट ऊसतोडीच्या लेकरांना नाहीत. बाप वारला, आई सोडून गेली, आई-बाप गंभीर आजारी, तुरुंगात, किंवा लेकरू अनाथ असून नातेवाईकाकडं आहे, अशी घरं त्यात बसतात. ऊसतोडीच्या गावात अशी घरं जेवढी वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, फक्त कुणी मोजलेली नसतात. मरण पावलेल्या बापाचा मृत्यू दाखलाच काढलेला नसतो हा सगळ्यात कॉमन अडथळा, कारण तो दुसऱ्या जिल्ह्यात फडावर वारलेला असतो आणि नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. सोबत लेकराचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, मृत्यू दाखला किंवा आजाराची कागदं, बँक पासबुक, घरासमोरचा फोटो. मग सामाजिक तपासणी अहवाल होतो आणि बाल कल्याण समितीसमोर लेकराला घेऊन जावं लागतं. अर्ज फुकट आहे. फॉर्म भरून देतो, मंजूर करून देतो म्हणून हजार-पाचशे मागणारा कुणीही असू दे, देऊ नका.

आता यातली मेख. आज्जी आणि दोन लेकरं, जिल्ह्याला जायचं, एसटी, दिवसभर बाहेर, कागद कमी म्हणून परत. दुसऱ्यांदा कुणी जात नाही. म्हणून एकेकटं पाठवू नका. गावातले आठ-दहा अर्ज एकदम तयार करा, तलाठ्याला आणि सेतूवाल्याला एक दिवस गावात बसवा, सगळे दाखले त्याच दिवशी, मग संरक्षण कक्षाला लेखी विनंती की तपासणीला आमच्या गावात एकाच दिवशी या. एका साहेबांनी पहिल्यांदा "असं कुठं असतंय का" म्हणून उडवून लावलं. पुढच्या वर्षी दुसरे होते, ते आले, आणि दिवसात अकरा घरं झाली. त्यांचाही पेट्रोलचा खर्च वाचला की.

सोबत जाणारी लेकरं

सहा वर्षांच्या आतली तर जवळजवळ सगळी सोबतच जातात, अंगावर पिणारं लेकरू कोण मागं ठेवणार. आणि मला फार उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे मोठीची शाळा धाकट्याच्या झोळीला बांधलेली असते. दहा वर्षांची पोरगी सोबत नेतात ती तोडायला नाही, कोपीवर (तळावरच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळायला. मी वर्षानुवर्षं त्या पोरीच्या बापाला शाळेचं महत्त्व सांगत होतो, प्रश्न पाळण्याचा होता.

म्हणून टोळी निघायच्या आधी टोळीतल्या बायकांची बैठक घ्या आणि एकच विषय ठेवा, तळावर लेकरं कोण बघणार. टोळीत १२ कोयते म्हणू (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, नुसत्या अवजाराला कोयता म्हणत नाहीत इथं), त्यांची मिळून १४ लहान लेकरं. एक जाणती बाई, जिला आता वाकून तोडणं होत नाही, ती तळावर थांबेल. तिला दिवसाला ३६० रुपये द्यायचे म्हटलं तर कोयत्यामागं ३० रुपये. हा हिशोब पाटीवर खडूनं मांडा. पहिल्यांदा पुरुष नाही म्हणतात, बायका हिशोब करतात. बाई आली की चार-पाच मोठ्या पोरी मोकळ्या झाल्या, त्यांना मागं ठेवा म्हणायला आता तोंड आहे तुम्हाला. सरकारी पाळणाघराची 'पालना' योजना आहे, अंगणवाडीला जोडून, कारखाना गटात कुठं चालू असेल तर उत्तमच.

पाळणाघर म्हणजे लाडही नाहीत. फडाच्या कडेला चिंध्यांवर निजवलेलं लेकरू रिव्हर्स येणाऱ्या ट्रॅक्टरला दिसत नाही. साप, विहीर, उघडी चूल आहेच. जुन्नर-शिरूरकडं तर उसातला बिबट्या, तिकडं जाणाऱ्यांनी संध्याकाळनंतर लेकरू कोपीच्या बाहेर एकटं सोडायचं नाही, लघवीला सुद्धा.

निघताना प्रत्येक घराला एक प्लास्टिकची पिशवी द्या, त्यात माता-बाल संरक्षण कार्ड म्हणजे लसीकरणाचं पुस्तक, शाळेच्या लेकराचं शिक्षण हमी कार्ड (ते दाखवलं की तिकडच्या शाळेनं वर्गात बसवायचं, दाखला मागत बसायचं नाही), आधारच्या झेरॉक्स, रेशनकार्डाचा नंबर. रेशन आता कुठल्याही दुकानात उचलता येतं, वन नेशन वन रेशन कार्ड, आणि थोडं तिकडं थोडं गावाकडच्या आज्जीनं असं वाटूनही उचलता येतं, फक्त दोन्हीकडं अंगठा जुळला पाहिजे. म्हणजे आधार लिंक आहे का ते जायच्या आधीच दुकानात तपासून घ्या. अंगणवाडी ताईंनी पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अॅपमध्ये स्थलांतराची नोंद करायची, नाहीतर इकडं नाव चालू राहतं आणि तिकडच्या अंगणवाडीत लेकराला घेताना कटकट होते. गरोदर बाई असेल तर ती किती महिन्यांची, तारीख काय, हे तिकडच्या आशाला फोन करून सांगितलंच पाहिजे. नंबर कुठून मिळणार? आमची आशा ताई तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावून काढते, अर्धा तास जातो, मिळतो.

पोरींचं वेगळं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि बीडमध्ये हा आकडा ४० च्या पुढं. भाषणात याचं खापर अडाणीपणावर फोडतात. घरात विचारा. चौदा-पंधराची पोरगी सोबत न्यावी तर तळावर ना दार ना संडास, मागं ठेवावी तर घरात फक्त म्हातारी. बापाला रात्री झोप येत नाही म्हणून तो लग्न लावतो, आणि लग्न लागलं की नवी जोडी म्हणजे नवा कोयता, उचलही मिळते.

त्यामुळं ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, लग्न थांबवता येतं, हे सगळं खरं, करायचंच, पण मांडवात पोलीस आणण्याच्या आधी सप्टेंबरात विचारा की या पोरीला रात्री सुरक्षित झोपायला कुठं जागा आहे. आमच्या वाडीत दोन घरांनी मिळून सहा पोरी आणि एक आत्या अशी एकत्र सोय केली, ग्रामपंचायतीनं दाराला चांगली कडी आणि बाहेर दिवा लावून दिला. त्या सहापैकी कुणाचंच त्या हंगामात लग्न झालं नाही.

रविवारचा फोन

रविवारी संध्याकाळी मागं राहिलेल्या प्रत्येक लेकराचं आई-बापाशी बोलणं करून द्यायचं. व्हिडिओ कॉल. रेंज नसते, दोनदा कट होतो, चालतं. आमच्याकडं सहावी-सातवीच्या पोरांनाच यादी दिली आहे कुणाचा नंबर कुठला. यातून कळतं बरंच. एखादं लेकरू फोनवर आईशी बोलायलाच तयार नसतं, एखाद्या आईचा आवाज वेगळा येतो, तिथं पुढच्या दिवशी आशा ताई घरी जाते.

जानेवारीच्या बैठकीत प्रत्येक लेकरावर अर्धा मिनिट. वजन, हजेरी, आज्जी बरी आहे का. रजिस्टरमध्ये "पालक असे पालक तसे" लिहायचं नाही, काय कमी आहे ते लिहायचं, उदाहरणार्थ "रॉकेल-सरपण नाही", "रात्री खोकला, दवाखाना बाकी". आणि मदत करताना लेकरांचे फोटो ग्रुपवर टाकू नका हात जोडून. असल्या लेकराची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं बंदी आहे, आणि बंदी नसती तरी कपडे वाटपाच्या फोटोतलं लेकरू दहावीत गेल्यावर कुठं तोंड लपवणार?

आता सिस्टीम

इथपर्यंतचं सगळं गावानं ओढून-ताणून केलं. हेच दरवर्षी करत राहिलो तर मास्तरची बदली झाली की बंद. म्हणून गावातून निघणाऱ्या माहितीचा दट्ट्या वरती लावायला लागतो.

दरवर्षी मेमध्ये एक पान तयार करा, एकच. किती लेकरं सोबत जाणार होती, किती थांबली, प्रस्ताव कुठल्या तारखेला दिला, मंजुरी कुठल्या तारखेला आली, पैसा कुठल्या तारखेला आला, ट्रक कुठल्या तारखेला गेले. भावनिक काही लिहू नका. चार तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट आपोआप दिसते. अशी सात-आठ गावांची पानं एकत्र केली आणि तालुका बाल संरक्षण समितीत ठेवली तेव्हा पहिल्यांदा आम्हाला खुर्ची मिळाली. पोचेचे शिक्के तेव्हा कामाला आले.

मागण्या तारखेच्या भाषेत मागा. वसतिगृहाची मंजुरी घटस्थापनेच्या आत. उत्पन्न दाखल्याचं शिबिर ऑगस्टमध्ये गावात. संरक्षण कक्षाची तपासणी ट्रक जायच्या आधी, आई-बाप घरी असताना. "मुलांकडे लक्ष द्यावे" अशा निवेदनाला "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येतं, तारखेच्या निवेदनाला हो किंवा नाही द्यावं लागतं. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकारात तेच चार प्रश्न टाका, दहा रुपये लागतात.

कारखान्याकडून काय मागायचं? लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागं कारखान्यानं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं, असं ठरलेलं आहे. पाच लाख टन गाळणारा कारखाना म्हणजे एकट्याचे ५० लाख. तळावर पाणी, संडास, दोन पत्र्यांचं पाळणाघर आणि एका बाईचं मानधन यातून निघत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याला हिशोब मागा. बोलायचं असेल तर शेतकी अधिकाऱ्याशी बोला, तळावर कुठली टोळी कुठं ते चिटबॉयला (कारखान्याचा फडावरचा कारकून) माहीत असतं, चेअरमनच्या केबिनबाहेर बसून दिवस जातो.

आणि मुकादमाशी उचलीच्या वेळीच एक गोष्ट ठरवून घ्यायची, लेकरू आजारी असेल तर आईच्या खाड्याचा दंड नाही. खाडा म्हणजे गैरहजेरी, दिवसाचा दंड पडतो आणि तो उचलीत चढतो, त्या भीतीनं बाई तापलेलं लेकरू झोळीत टाकून फडात जाते आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. नुसतं तोंडी ठरतं, मान्य. तरी बारा बायकांसमोर ठरलं तर मुकादम पूर्ण फिरवत नाही. आमच्या तीनपैकी एकानं मानलंय, दुसरा "बघू" म्हणतो, तिसरा बोलतच नाही.

पाडव्याच्या पुढं

कारखाना पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की माणसं परत येतात, मार्चअखेर-एप्रिल, उन्हाच्या झळा लागत. पहिल्या आठवड्यात सोबत गेलेल्या सगळ्या लहान लेकरांचं वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या, राहिलेल्या लसी द्या. शाळेच्या लेकरांना वयाप्रमाणं वर्गात बसवायचं, शिक्षण हक्क कायद्यात कलम ४ आहे त्यासाठी, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी निदान तीन आठवडे त्यांना वेगळं शिकवायचं. ती पोरं वर्गात लाजतात, मागं बसतात, ते पहिले तीन दिवस काही शिकवू नका, फडातल्या गोष्टी सांगू द्या. मागच्या वर्षी एकानं मोळी किती किलोची आणि गाडीत किती मोळ्या बसतात ते तोंडी गुणाकार करून सांगितलं, माझ्या आधी.

मग ते रजिस्टर पुन्हा उघडायचं. आमच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे "पुढच्या वर्षी काय पाहिजे", तो एप्रिलमध्येच, आई समोर बसवून भरायचा, कारण पावसाळ्यात उचल घेतली की ती तेच बोलत नाही. यंदा १९ घरांनी भरलाय. आठ जणींनी तळावर बाई पाहिजे म्हटलंय, सहा जणींनी जेवण, तिघींनी सासूचे डोळे, एकीनं फोनला रेंज. एक रकाना कोरा आहे, त्या घरी परत जायचंय.